गुप्तेकाकांची रांग

गुप्तेकाकांनी गॅस नको म्हणून सांगितलं, ही बातमी दुपारपर्यंत आमच्या सगळ्या बिल्डिंगीत पसरली. म्हातारा सटकला, असं जो तो म्हणाला. मीही म्हटलं. बारा वर्षं ज्या गॅससाठी या माणसाने एजन्सीच्या पायऱ्या झिजवल्या, सरकारच्या नावाने बोटं मोडली, तो नंबर एकदाचा लागला, एजन्सीचा माणूस स्वतः दारात आला, आणि हे त्याला म्हणतात, नको! आता याला काय म्हणायचं?

श्यामकांत गुप्ते मुलुंडला आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायचे. मी पासष्ट साली लग्न होऊन इथे आले तेव्हा ते फोर्टातल्या एका कंपनीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. बायको विमलाकाकू आणि एकुलता एक मुलगा चंद्रप्रकाश. काकूंना स्टोव्हच्या धुराने खोकल्याची ढास लागायची. म्हणून अडुसष्ट साली काकांनी गॅससाठी नाव नोंदवलं. 'नंबर लागला की कळवू,' एजन्सीवाला म्हणाला. कसलं कळवतोय! बहात्तर साली काकू गेल्या तरी नंबर लागला नव्हता. त्यानंतर एकदा काका एजन्सीत गेले, तर काउंटरवरचा पोरगा पुन्हा तेच म्हणाला, कळवू. काका त्याच्यावर कडाडले, "कुणाला कळवणार? जिच्यासाठी मागितला ती गेली! आता कळवा स्मशानात!" काका घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

त्या वर्षांत रांग कशाला नव्हती ते सांगा. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीला रांग, किडक्या गव्हाला रांग, साखरेला, पामतेलाला, रॉकेलला. दिवाळीच्या तोंडावर डालड्यासाठी तर बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी होत्या. मी सकाळी आठच्या आत ऑफिसला पळणार, हे माझ्याही आधी. मग रेशनच्या रांगेत उभं कोण राहणार? गुप्तेकाका! बिल्डिंगीतल्या सगळ्या नोकरदार घरांच्या पिशव्या, कार्डं आणि रॉकेलचे डबे काकांकडे. जिन्यातून उतरताना प्रत्येक दाराशी हाक मारायचे, "जयंती, पिशवी दे गं! साखर आलीय म्हणतात." दुकानासमोरच्या फुटपाथवर पिशव्यांची ओळ लावायचे, वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकीत एकेक दगड घालायचे, आणि स्वतः वर्तमानपत्र पसरून तिथेच बसायचे.

आणि बसल्या बसल्या तोंड सुरू! "हे सरकार! अहो, लढाईच्या दिवसांत सुद्धा इतका घाणेरडा गहू खाल्ला नव्हता आम्ही. हे काय माणसांचं खाणं आहे?" रांगेतल्या बायका हसायच्या, कुणी भर घालायची, कुणी घरून चहा आणून द्यायची. त्यांच्या शिव्या ऐकायला मजा यायची, खरं सांगते. एक मात्र होतं. दुसऱ्यांच्या पिशव्या पुढे, आणि स्वतःची सगळ्यात मागे. 'माल खलास' म्हणून दुकानदाराने फळी ओढली की उपाशी राहणार ती काकांचीच पिशवी. विमलाकाकू असेपर्यंत त्यावरून रोज भांडण. "जगाची साखर आणता आणि माझा चहा फिका!" काका नुसते हसायचे.

चंद्रप्रकाशने लग्न झाल्यावर कांदिवलीला ब्लॉक घेतला. वेगळं राहायचं, हीच आता रीत. मुलुंडहून कांदिवली म्हणजे दादरला उतरा, गाडी बदला, मान्य. पण विलायत तर नव्हे ना? गणपतीला तेवढा यायचा, तोही निघायची घाई घेऊनच. काका कधी तक्रार करायचे नाहीत. ज्या माणसाने अख्ख्या सरकारला सोडलं नाही, तो पोराबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

मग दिवस पालटले. एकेका घरात गॅस आला. गॅस आला की कार्डावर शिक्का, आणि शिक्का पडला की रॉकेल बंद, हा नियम. अठ्ठ्याहत्तर साली साखर रेशनमधून मोकळी झाली, वाणी हवं ते घरपोच पाठवायला लागला. पूर्वी आमच्या जिन्यात दार बंद दिसलं तर आत कुणी आजारी आहे का म्हणून विचारायचे. आता घराघरात टीव्ही, दारं बंद, दाराला भोक पाडून त्यात भिंग बसवलेलं. काका कठड्याला धरून उतरायचे. "रवा येणार म्हणतात आज. कुणाची पिशवी?" आतून आवाज यायचा, "नको काका, वाण्याकडून आलाय." आमच्याकडूनही तेच उत्तर जायचं. काका एकेक दार करत खाली जायचे. हातात एकच डबा, स्वतःचा.

तर गॅस नाकारल्याचं ऐकून मी तणतणत वर गेले. काका स्टोव्हला पंप मारत होते. खोलीभर रॉकेलचा वास.

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? बारा वर्षांनी नंबर लागला आणि परत पाठवलात?"

"लागायच्या वेळी लागला नाही."

"काकूंची आठवण येते, कळतं मला. पण त्यांनाही हेच वाटलं असतं ना, तुम्ही धुरात बसू नये?"

काकांनी पंप थांबवला. "विमलासाठी नाही गं," ते म्हणाले. "ते सगळ्यांना सांगायला बरं आहे. गॅस घेतला की कार्डावर शिक्का पडणार. मग रॉकेल बंद. मग सकाळी उठून मी जाऊ कुठे?"

मी तिथेच पाटावर टेकले.

"इतकी वर्षं सरकारला शिव्या घातल्या," ते म्हणाले. "पण शिव्या द्यायला सुद्धा शेजारी कुणी उभं लागतं, जयंती. इथे चार भिंतींना देऊ? त्या रांगेत अजून कुणीतरी विचारतं, आजोबा, काल का नाही आलात. या घरात तेवढंही विचारायला कुणी नाही."

मी खाली आले ती रडतच. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग एखादं काम सांगत जा ना त्यांना." पटलं मला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा जुना रॉकेलचा डबा काढला, पुसला, त्यात कार्ड खोचलं आणि काका उतरायची वाट बघत दारातच उभी राहिले.

"काका, माझा डबा ठेवाल आज?"

काका थांबले. क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झकास, जमलं! मग सवयीने त्यांनी कार्ड उघडलं. त्यावरचा शिक्का बघितला. कार्ड मिटून पुन्हा डब्यात खोचलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"तुला मिळत नाही, जयंती," ते हळूच म्हणाले. "उगाच कुणाची तरी जागा अडेल."

आणि कठड्याला धरून उतरले.

मी गॅलरीत जाऊन बघत राहिले. समोर रॉकेलची रांग लागली होती, सगळी मागच्या नाल्यावरच्या झोपड्यांतली माणसं. आमच्या बिल्डिंगीतलं एकही नाही. काकांनी आपला डबा शेवटी ठेवला. इतक्यात एक बाई कडेवरचं रडणारं मूल सावरत आली. काकांनी तिला काहीतरी विचारलं. तिने जरा संशयानेच आपला डबा त्यांच्याकडे दिला आणि मुलाला घेऊन झोपडीकडे वळली.

काकांनी आपला डबा उचलून एक पाऊल मागे घेतला, आणि तिचा पुढे ठेवला.