दाताखालचा दगड

"आधी चाव, मग बोल," म्हणत मामा दगडाचा कपचा आमच्या तोंडासमोर धरायचे. नांदेडच्या आमच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायला प्राध्यापक होते, पण दगडाची चव शिकवली ती प्रयोगशाळेतल्या या शिपाईमामांनी. सिल्टस्टोन आणि शेल, दोन्ही गाळाचे दगड, दिसायला सारखेच. दाताखाली कचकचला तर सिल्टस्टोन, मऊ लागला तर शेल. कोळसा मात्र चावू द्यायचे नाहीत. "त्यो हात काळे करून सोताच नाव सांगतो."

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे जिथं खणावं तिथं काळा पाषाण. कोळसा औषधालाही नाही. म्हणून चंद्रपूरकडून आलेल्या तीन पेट्यांवर मामांचा भारी जीव. जमिनीत खोल भोक पाडून काढलेले दगडी दांडके त्यांत खालून वर मांडलेले: वालुकाश्म, सिल्टस्टोन, शेल, कोळसा झाला की पुन्हा वालुकाश्म. असं तीनदा. पुस्तकात याला चक्र म्हणतात. मामांनी त्या तीन चक्रांना तळापासून बहिणींसारखी नावं दिली होती: थोरली, मधली, धाकटी. थोरलीतला सिल्टस्टोन दाताखाली बारीक कचकचायचा, धाकटीतला जाडसर. एका पोरीनं तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांना ऐटीत "ही मधली" सांगितलं आणि गुण घालवले. मामा आठवडाभर परीक्षकांवर रुसून होते.

पुढे मी तिथंच शिकवायला लागलो आणि मामा निवृत्त होऊन अर्धापूरला गेले. मग रंगकाम निघालं. रंगाऱ्यांनी पेट्या हलवताना तिन्ही पालथ्या केल्या. क्रम गेला की तो नुसता दगडांचा ढीग. प्राचार्य म्हणाले, "शनिवारपर्यंत लावा, नाहीतर फेका. जागा हवीय." मी मामांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी केळ्यांची फणी घेऊन मामा पहिल्या एसटीनं हजर. वालुकाश्म आणि कोळसा त्यांनी नजरेनंच लावले. मग एक कपचा दाताखाली धरला. दुसरा धरला. तिसरा.

"ह्या कवळीला समदं सारखंच लागून राहिलंय, सर."

इतका पडलेला चेहरा मी त्यांच्या निरोपसमारंभातही पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं. जरा वेळानं ते सरकून माझ्या डाव्या अंगाला आले.

"सर, तुम्ही चावा. मी ऐकतो."

मी चावत राहिलो, मामा माझ्या गालाशी कान लावून बसले.

"बारीक हाय. थोरलीचा."

"ह्यो लई कचकचला. धाकटीचा ठिवा."

"आधी थुंका, गिळू नका!"

दारातून पोरं हसत होती. संध्याकाळपर्यंत पेट्या लागल्या आणि माझी दाढ ठणकायला लागली. मामांनी केळं सोलून पुढं केलं. "खावा. हे मऊ हाय."

मामा मागच्या वर्षी गेले. पेट्या जागेवर आहेत. नव्या वर्गापुढं मी कपचा चावतो तेव्हा पोरं फिदीफिदी हसतात. हसू देत. चावताना माझा डावा गाल अजून आपसूक जरा खाली झुकतो, मामांना नीट ऐकू यावं म्हणून.