गाडीतून उतरणारे वकील

"माणूस मागून बोलतो, गाडी आधी बोलती," असं म्हणत ते गाडीची चावी टेबलावर आपटायचे. समोरच्या पक्षकाराची नजर चावीवर गेली, की मग विचारायचे, "हं, सांगा. काय भानगड हाय?"

देगलूरच्या कोर्टात आमची टेबलं शेजारी होती. ते माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना साहेब म्हणायचो. गाडी पांढरी, उंच, पुढाऱ्याला शोभेल अशी. फक्त ती त्यांना चालवता येत नव्हती.

आधी ते मोपेडवर यायचे. एकदा वाटणीच्या दाव्याचा एक मोठा पक्षकार आला. बोलणं पक्कं झालं, चहा झाला. तो गेटपाशी पोचतो तोवर साहेबांनी मोपेडला किक मारायला घेतली. मोपेड काही चालू होईना. पक्षकार उभा राहून बघत होता. पुढच्या तारखेला तो दुसऱ्याच वकिलाच्या टेबलाशी दिसला. त्या वकिलाकडं कार होती.

"कायद्यात मी हारलो न्हाई," साहेब मला म्हणाले. "किकमधी हारलो."

मग नांदेडला जाऊन त्यांनी ही जुनी गाडी घेतली. विकणाऱ्याच्या ड्रायव्हरनं ती आणून दिली. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः चालवत आले, ते थेट चहाच्या टपरीच्या बाकड्यांवर. लोक हातातल्या कपांसकट उडाले. कुणाला खरचटलं नाही, बाकडी तेवढी गेली. साहेब रुबाबात उतरले आणि टपरीवाल्यालाच म्हणाले, "बाकडं लई पुढं टाकून राहिला रे तू."

त्यानंतर त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. लोकांनी ढकलत आणलेली गाडी कोर्टाच्या आवारात भिंतीच्या कडेला, दार उघडेल एवढी जागा सोडून, कायमची उभी राहिली. घर मागच्याच गल्लीत होतं. रोज सकाळी ते मागच्या फाटकातून चालत यायचे, भिंतीकडचं दार उघडून आत शिरायचे, पोट सांभाळत गिअरवरून पलीकडच्या सीटवर सरकायचे, इंजिन थोडा वेळ घुरघुरू द्यायचे आणि मग पक्षकारांच्या देखत ड्रायव्हरच्या दारातून उतरायचे. उतरताना कमरेला हात लावून "रस्ते लई खराब झाले बघा," असंही म्हणायचे.

एकदा गिअरमध्ये अडकून काळा कोट खिशापासून फाटला. न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलसाहेब, कोटाला काय झालं?"

"प्रवासात झालं, साहेब."

आम्ही कुणी हे बाहेर फोडलं नाही. फोडणार कोण? आमच्यातला एकजण कधी न उघडलेल्या जाड पुस्तकांच्या आड बसायचा. दुसरा बंद फोनवर औरंगाबादच्या हायकोर्टाशी बोलायचा. तुम्ही कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात जा, अशी मंडळी भेटतीलच.

एके उन्हाळ्यात त्यांच्याकडं एका म्हातारीचा दावा होता. मुलानं तिला राहत्या घरातून काढलं होतं. मुलगा भाजीचा टेंपो चालवायचा. तारखेला दोघं आले, की आवाराच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसायचे.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत साहेबांच्या टेबलाशी उदगीरकडचे सोन्याच्या अंगठ्यावाले पक्षकार बसले होते. मोठ्या जमिनीचं प्रकरण होतं. साहेब रंगात आले होते. तेवढ्यात म्हातारी बसल्या जागी कोसळली. तिचे डोळे फिरले.

बाजाराचा दिवस, गेटवर एक ऑटो नाही. रुग्णवाहिका लांबच्या गावाला गेलेली. माझ्याकडं मोटारसायकल, मुलगा बसनं आलेला. कारवाला वकील त्या दिवशी नांदेडला गेलेला. आवारात चारचाकी एकच.

"साहेब, गाडी काढा!" लोक ओरडले.

साहेबांनी चावी उचलली. एकदा म्हातारीकडं पाहिलं, एकदा अंगठ्यावाल्यांकडं. बॅटरी उतरली म्हणून सांगायची सोय होती. ते कारण त्यांनी कायम तयार ठेवलेलं असायचं. मला वाटलं, आता तेच ऐकायला मिळणार.

"मला चालवता येत न्हाई," ते म्हणाले. उलटतपासणीचा आवाज होता तो, सगळ्या आवाराला ऐकू गेला. "कोणाला येती?"

कुणी पुढं होईना. मग गर्दीतून मुलगा आला. "मला येती."

साहेबांनी चावी त्याच्या हातात दिली. वकिलानं विरुद्ध पक्षाला आपण होऊन काही दिल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी पुढं मुलाशेजारी, मागच्या सीटवर म्हातारीचं डोकं साहेबांच्या मांडीवर. एका हातानं ते फाइलीनं वारा घालत होते आणि तोंडानं मुलाला शिकवत होते. "हळू! खड्डा हाय! गिअर असा टाकतेत का?"

दवाखाना जवळ आला तेव्हा म्हातारीनं डोळे किलकिले केले. "तुमाला येत न्हाई ना?" ती पुटपुटली. "मग गप बसा की. चांगलं चालवून राहिलं माझं पोरगं."

साहेब नुसती फाइल हलवत राहिले. मुलानं गाडी अजून हळू केली.

साखर उतरली होती, म्हातारी वाचली. दवाखान्यातून मुलगा तिला स्वतःच्या घरी घेऊन गेला आणि दावा मागं घेतला गेला.

"जिंकलेला दावा गेला," साहेब कुरकुरले. अंगठ्यावाले तर त्याच दुपारी उठून गेले होते. पण म्हातारीनं बाजारभर सांगून ठेवलं, की माझा वकील खोटं बोलत न्हाई. साहेब हादरलेच. "अरे, असं नाव झालं तर वकिलाला इचारतंय कोण?"

तरी लोक येत राहिले. काही तर खरं बोलणारा वकील कसा दिसतो, ते बघायला यायचे. साहेबांना शेवटपर्यंत गाडी चालवता आली नाही. शिकलेही नाहीत.

गेल्या पावसाळ्यात ते झोपेतच गेले. घरच्यांनी गाडी विकली.

परवा म्हातारी बांधाची कसलीशी तक्रार घेऊन कोर्टात आली. तिला काही ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर ती पदर तोंडाला लावून माझ्या टेबलाशी बसली. मग मला नीट न्याहाळत म्हणाली, "मला खरं बोलणारा वकील पायजे. तुमच्याकडं हाय का गाडी?"

"हाय की, आजी." हल्लीच घेतली होती मी.

"चालवता येती?"

"येती ना."

म्हातारीचं तोंड उतरलं.

"त्यांला येत नव्हती," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली.