मुहूर्ताची साखर

सत्य फार दिवस दडून राहत नाही, असे आपल्याकडे कीर्तनापासून कोर्टापर्यंत सगळीकडे सांगतात. माझ्याकडचे सत्य मात्र मजेत दडून राहिले आहे. हे मी कोणालाही सांगितलेले नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि तिला माझे बाकीचे बहुतेक दोष न सांगताच ठाऊक आहेत.

लढाईच्या सुरुवातीच्या वर्षांत मी प्रवरेच्या काठी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. घर संगमनेरचे, वडील मास्तर. पुण्यात शिकताना मी हौसेने जर्मन शिकलो. हौस कसली — चारचौघांत वेगळे दिसण्याची. त्या भाषेचा नगर जिल्ह्यात काय उपयोग, असे वडील म्हणत. झाला उपयोग. तोच सांगायला बसलो आहे — आणि बघा, अजून वडिलांवरच घोटाळतो आहे.

तिथला गोरा तंत्रज्ञ लोबेल चेकोस्लोव्हाकियातल्या मोराव्हियाचा. तिकडे बीटाची साखर करतात, आणि त्याच्या घरात तीन पिढ्या तेच काम होते. आमच्याकडे तो करारावर आला. रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरवायचा, त्या मोठ्या बंद भांड्याला आम्ही पॅन म्हणतो. पॅनचा तो मुख्य. तो इथे रुळतो न रुळतो तोच त्याचा देश जर्मनांनी गिळला. लोबेल ज्यू, त्यामुळे जर्मन त्याला आपला मानत नव्हते. लढाई सुरू झाल्यावर इंग्रजांनी मात्र त्याला जर्मन मानले आणि नगरच्या छावणीत तारेच्या आड नेऊन ठेवले. मालकांनी हमी दिली, तेव्हा तो सुटला. म्हणजे नोकरी असेपर्यंत तो मोकळा. नोकरी गेली की पुन्हा तार. परत जायला म्हणावे तर कुठे? त्याला कुठलाच देश उरला नव्हता.

आणि त्याची बायको, आना, तिकडेच अडकली होती. पुढचा हंगाम नीट सुरू झाला की तिच्यासाठीही हमी देऊ, असे मालकांनी कबूल केले होते. माझ्यासमोर. दुभाषी मीच होतो ना.

तो काही संत नव्हता. चिडका, गर्विष्ठ; आमच्या उसाला गवत म्हणायचा. पाकाचा थेंब काचपट्टीवर घेऊन उजेडात धरून बघायचा, म्हणून मजूर त्याला ‘काचवाला सायब’ म्हणत. फाटकाशी मोटारीचा आवाज आला की त्याची काच हवेत तशीच थांबायची. मोटार कोणाची ते कळेपर्यंत तो पापणी हलवत नसे. आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. मी चांगली करायचो.

मालकांचा ज्योतिषावर विश्वास होता, आणि गोऱ्या पाहुण्यांवर त्याहून जास्त. कोयत्याच्या पूजेचा मुहूर्त निघाला, ऊस तुटला, गाड्या फाटकाबाहेर लागल्या — आणि पहिल्या साखरेच्या समारंभाला यायचा होता त्या बड्या साहेबाचा दौरा पुढे गेला, म्हणून समारंभालाही पुढचा मुहूर्त काढला. आता काय करायचे? मुहूर्तावर तोडलेला ऊस बदलायचा नाही, तो अपशकुन. मग मोळ्या उन्हात पडून राहिल्या. आधी माशा आल्या, मग गांधीलमाश्या, मग वास. तो वास मांडवात, ऑफिसात, जेवणाच्या ताटापर्यंत यायला लागला. सगळे नाकाला रुमाल लावून तोरणे बांधत होते.

“लई आंबलाय, सायब,” सोनईचा एक गाडीवान मला म्हणाला. “ह्याची साखर व्हायची न्हाई. पाव्हन्यास्नी दारूच पाजा.”

सगळे हसले. लोबेलला शब्द कळले नाहीत. वास कळला होता.

तो मला मालकांकडे घेऊन गेला. जर्मनमध्ये त्याने जे सांगितले ते मला आजही शब्दन् शब्द आठवते. या रसाला दाणा धरणार नाही. ताजा ऊस गाळा. आणि तुमच्या देवाला त्याच घटकेला साखर हवी असेल तर मागच्या वर्षीची ताटात ठेवा — देव काही पोत्यावरची तारीख वाचत नाही.

“काय म्हणतात साहेब?” मालकांनी विचारले. ते फेट्याचे कापड निवडत होते.

आता सांगा, काय अवघड होते? पण मालकांना ‘नाही’ म्हणण्यासाठी आमच्याकडे कोणाची नेमणूक झालेली नव्हती. मी म्हणालो, “साहेब म्हणतात, काळजी नसावी.”

मालक हसले. ते हसले म्हणून लोबेलला वाटले, पटले. बाहेर आल्यावर त्याने माझा हात हातात घेऊन आभार मानले. मग तोच ऊस गाळपाच्या गव्हाणीत पडताना पाहिला आणि धावत माझ्याकडे आला. मी म्हणालो, मालक ऐकत नाहीत. दोन भाषांत दोन खोटी बोलून झाली होती, आणि दोन्हीकडे माझ्यावर विश्वास होता.

पण हे नाही. मला सांगायचे आहे ते हे नाही. एवढेच असते तर मी ते केव्हाच कोणाला तरी सांगून मोकळा झालो असतो.

समारंभाला बँड होता. पॅनपाशी लोबेल काचेमागून काच बघत होता. दाणा नव्हता. मुहूर्ताची घटका आली, मालकांनी खूण केली, पॅनचे दार उघडले — आणि काळपट, तारेसारखा ओढला जाणारा चिकटा साहेबाच्या बुटांपर्यंत वाहत आला. बँड वाजतच राहिला. थांबवायचे कोणाला सुचले नाही.

मग साहेबाबरोबरच्या पोलीस अधिकाऱ्याने हळूच विचारले, “हा जर्मन ना?”

मालक घाईने म्हणाले, “यानेच हमखास होईल म्हणून सांगितले होते. यांच्यासमोर.” सगळे माझ्याकडे वळले. अधिकाऱ्याने मला इंग्रजीत विचारले — याने आधी काही धोका सांगितला होता का?

मी म्हणालो, नाही.

तेवढे इंग्रजी लोबेलला येत होते. काचपट्टी रुमालाने पुसत तो मला जर्मनमध्ये म्हणाला, “निदान आनाच्या हमीचं काय, ते विचार त्यांना.”

“काय म्हणतो?” अधिकाऱ्याने विचारले.

“काही विशेष नाही,” मी म्हणालो.

त्या दिवशी फाटकाशी उभी होती ती मोटार त्याच्यासाठीच ठरली. कोणी म्हणाले नगरला नेला, कोणी म्हणाले तिथून आणखी दूर. लढाई संपूनही आता काही वर्षे झाली. आनाचे काय झाले? मला माहीत नाही. विचारायला जागा होत्या. मी विचारले नाही.

भीतीने केले म्हणू? पण मग त्याच आठवड्यात मी त्याची जागा मागायला कसा गेलो? भ्यालेली माणसे असे अर्ज करत नाहीत. जागा मिळाली. मोटारीचा आवाज आला की आता माझी काच थांबते. नक्कल करणारा तिथे कोणी नाही.

पुढच्या हंगामाला मालक मुहूर्ताच्या नावानेच घाबरले होते. मी त्यांना सुचवले — ऊस ताजाच गाळू, आणि ताटात मागच्या वर्षीची साखर ठेवू. देव काही पोत्यावरची तारीख वाचत नाही. मालकांनी पाठ थोपटली. पदवीचा उपयोग होतो म्हणाले.

तेव्हापासून आमची मुहूर्ताची साखर मागच्या वर्षीचीच असते. चवीत फरक पडल्याची तक्रार अजून आलेली नाही.