रोझलीनचा नंबर

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाहीये. "इथलं ऐकलेलं इथंच ठेवायचं," असं आईनं पहिल्याच शनिवारी बजावलं होतं. पण किस्से साठत जातात. मी शाळेत कुणाशी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच साठतात.

माझी आई इथे इंग्लंडमध्ये, रीडिंग नावाच्या गावात, एका बँकेत काम करते. शनिवारी सकाळी ती कम्युनिटी हॉलमध्ये देशात नवीन आलेल्या लोकांना पैशांचे व्यवहार शिकवते, फुकट. यंदाच्या वर्गात सगळे हैतीचे आहेत. इथे राहायची पक्की परवानगी त्यांच्यापैकी कुणालाच मिळालेली नाही. त्यांना फ्रेंच येतं, आईला येत नाही, आणि इयर टेनमध्ये, म्हणजे आपल्या नववीत, माझा फ्रेंच विषय आहे. म्हणून मी दुभाषी! शाळेच्या फ्रेंचमध्ये मला स्टेशनचा रस्ता विचारता येतो आणि माझ्या मांजराचं वर्णन करता येतं. आमच्याकडे मांजर नाही.

*

पहिला धडा होता ध्येयाचा. आईनं बोर्डावर लिहिलं, 'पाच वर्षांनी मी कुठे असेन?' मी ते फ्रेंचमध्ये वाचून दाखवलं.

फ्रित्झकाका उठले. ते तिकडे शाळेत मास्तर होते. त्यांना काका कुणी म्हणत नाही, माझ्याच तोंडून एकदा निघून गेलं आणि त्यांना ते आवडलं. ते म्हणाले, "मॅडम, हा प्रश्न आम्ही इमिग्रेशनवाल्यांना विचारलाय. उत्तर आलं की तुम्हाला कळवतो!"

आईनं बोर्ड पुसला.

*

मग पेन्शनचा धडा झाला. "तरुणपणीच पगारातून थोडं थोडं बाजूला टाकायचं," आई म्हणाली. रोझलीन हसायला लागली. ती तिशीची आहे, तिकडे शिवणकाम करायची, आणि वर्गात सगळ्यांत मोठ्यानं तीच हसते.

"मॅडम, केसचा निकाल लागेपर्यंत आम्हाला काम करायला बंदी आहे," ती म्हणाली. "मी तर रिटायर होऊन बसलेय!"

सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि मग तिनं पेन्शनचे कागद पिशवीत परत ठेवले.

*

बँकेत खातं उघडायचं तर पासपोर्ट लागतो. रोझलीनचा पासपोर्ट इमिग्रेशनच्या ऑफिसात अडकलाय. आई म्हणाली, "थांब, मी आमच्या मॅनेजरशी बोलते." पुढच्या शनिवारी रोझलीननं तिला विचारलं, काय झालं?

आई मला मराठीत म्हणाली, "सई, तिला सांग, मॅनेजर म्हणाला की तिनं स्वतः यावं." जरा थांबून म्हणाली, "पासपोर्ट घेऊन."

*

जानेवारीत 'अचानक संकट आलं तर' हा धडा होता. आईनं विचारलं, "अशी तयारी कुणी केलीय?" रोझलीननं लगेच हात वर केला. "मी बॅग भरून दाराशी ठेवलीय."

"शाब्बास! काय काय आहे बॅगेत?"

"सुती कपडे. स्वेटर मी मैत्रिणीला देऊन टाकले. परत पाठवलं तर तिकडच्या उन्हात स्वेटर काय करू?"

बाहेर बर्फ पडत होता. आईनं आपला जाड कोट काढून तिच्या अंगावर घातला. वर्ग संपल्यावर रोझलीननं तो नीट घडी घालून परत दिला. "बॅगेत मावायचा नाही," म्हणाली.

*

एकदा ते आपसात 'सोल' म्हणून काहीतरी बोलत होते. आईनं विचारलं, हे काय? रोझलीननं सांगितलं की दर आठवड्याला सगळ्यांनी इथे मिळणाऱ्या सरकारी भत्त्यातून थोडं काढायचं, आणि जमलेलं सगळं एकानं उचलायचं. मग पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं.

आईचा चेहरा बँकेतला झाला. "असल्या भानगडीत पडू नका! लेखी काही नाही, गॅरंटी नाही."

"आई," मी म्हटलं, "ही तर तुमची भिशी."

"गप्प बस! ते नको सांगूस त्यांना."

त्याच संध्याकाळी आमच्याच घरी भिशी होती. साबुदाणा भिजत घालून आई वर्गाला आली होती. एरवी मी आईचं ऐकते. पण याचं मी भाषांतर केलं, साबुदाण्यासकट!

सगळे इतके हसले की आईला खाली बसावं लागलं. "बरं, आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात," ती म्हणाली. "तुमच्यात पहिला नंबर कुणाचा?"

"ज्याची सही आधी, त्याचा," फ्रित्झकाका म्हणाले.

त्यांना प्रत्येकाला ठरल्या दिवशी इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन सही करावी लागते. कधी कधी सही करायला गेलेला माणूस बाहेर येतच नाही. त्याला तिथूनच कोठडीत नेतात, आणि मग विमानात बसवतात. म्हणून जायच्या आधी त्याचे पैसे त्याच्या हातात द्यायचे.

आई "बाई गं" म्हणाली. त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

*

गेल्या शनिवारी नवा राउंड सुरू झाला. रोझलीनची सही मंगळवारी होती, म्हणजे पहिला नंबर तिचाच. फ्रित्झकाकांनी पैशांचं पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते परत सरकवलं.

"मला शेवटचा नंबर द्या."

"वेडी झालीस का?" फ्रित्झकाका ओरडले. आईही म्हणाली, "अगं रोझलीन, शहाणपणानं घे. पहिला नंबर कधी सोडू नये."

"मॅडम, पहिला नंबर जाणाऱ्याचा असतो," रोझलीन म्हणाली. "मी कुठे जातेय?"

आज ती आलेली नाही. तिचा फोन मंगळवारपासून बंद आहे. मी हॉलच्या किचनमध्ये चहाचं पाणी उकळायची वाट बघत हे लिहितेय. आईनं आज शिकवायला सुरुवातच केली नाही. फ्रित्झकाकांनी मात्र नेहमीसारखे सगळ्यांकडून पैसे घेतले. ते म्हणतात, शेवटचा नंबर रोझलीनचा, ती उचलेपर्यंत राउंड संपत नाही. बाकीच्यांचे नंबर संपले की पुन्हा पहिल्यापासून, पण तिच्या आधी थांबायचं नाही. आई म्हणाली, अहो, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. मग तिनं पर्स उघडली आणि मला म्हणाली, "त्यांना विचार, मला रोझलीनच्या आधीचा नंबर द्याल का?" मी विचारलं. फ्रित्झकाकांनी चष्मा काढला, पुसला, आणि

आई हाक मारतेय. "सई, चहा राहू दे, पळत ये! हॉलच्या फोनवर कुणीतरी फ्रेंचमध्ये बोलतंय, मला काही कळत नाहीये, आवाज बाईचा आहे पण ती हसत नाहीये, म्हणून रोझलीनच आहे का ते मला