कच्चा टाका

ट्रकवरच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छतं, यंत्रांची आवरणं असलं जाडंभरडं शिवण्यात तिची तीस वर्षं गेली. सगळा बाजार तिला पक्कीताई म्हणायचा, कारण तिचा टाका उसवलेला कुणी पाहिला नव्हता. ट्रक भंगारात गेला तरी ताडपत्री शाबूत, असं ड्रायव्हर हसत सांगायचे आणि बाई वरवर दुर्लक्ष करून आतून फुगायची. बोलायलाही खमकी. तिच्या डोक्यावर मिरे वाटणारा माणूस जगात एकच, तिचा धाकटा भाऊ.

हा भाऊ सुतार. दीड वर्ष खपून त्यानं प्लायवूडची एक अरुंद होडी केली होती, एकट्यानं बसून वल्हवायची. मागच्या खेपेला तलावाच्या मध्यावर लाटांचं पाणी आत शिरलं आणि गड्याला दोस्तांदेखत माघारी यावं लागलं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. आता त्याला होडीवर ताणून बसवायचं झाकण हवं होतं. मध्ये बसण्यापुरतं भोक आणि त्या भोकाला कमरेभोवती दोरीनं आवळायचा घेर. येत्या रविवारी तलाव पार करणार, असं सगळ्यांना सांगूनही झालं होतं.

होडी तिच्या शिवणखोलीत आली. कापडं दोन होती. एक रेनकोटचं पातळ नायलॉन, दुसरं ट्रकच्या ताडपत्रीचं. तिनं दोन्ही आळीपाळीनं ताणून वर बादलीभर पाणी ओतलं. नायलॉनला झोळ पडून मधोमध डबकं साचलं. ताडपत्रीवरून पाणी सरळ खाली गेलं.

"झालं तर मग! ताडपत्री," भाऊ म्हणाला.

तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पाणी बाहेर राहील हे दिसलं, पण होडी उलटली तर आतला माणूस बाहेर कसा येणार? तिनं जमिनीवर जुन्या गाद्या पसरल्या, त्याला होडीत बसवलं, नायलॉन अडकवून दोरी आवळली आणि होडी सरळ कुशीवर पाडली. गुडघ्यांनी दोन रेटे दिले, तसा तो सळकन बाहेर आला. मग ताडपत्री लावली. आता कापड जागचं हलेना. तो पिळवटला, त्याच्यासकट होडी फरशीवर खरडत गेली, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. ती आकडे मोजत होती. चाळीसला तिनं कात्रीनं दोरी कापली.

तो लालबुंद होऊन उठला आणि वर हसला. "पाण्यात अंग हलकं असतं गं."

"पाण्यात श्वास घेता येत नाही, मूर्खा. नायलॉन घे."

"आणि पुन्हा डबक्यात बसून परत येऊ? तुला शिवायचं नसेल तर सांग, दुसरीकडे जातो."

दुसरीकडे म्हणजे कोण, कसं शिवणार, देव जाणे. तिनं ताडपत्रीच कापायला घेतली. पण तिला भीती वाटत होती, आणि तीन दिवस शिवतानाही ती भीती गेली नाही. शेवटी तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. कमरेच्या घेरापासून पुढे दीड वीत शिवण उसवली आणि तेवढ्या भागात साध्या सुती दोऱ्यानं लांब लांब कच्चे टाके घातले. वरून रबराची पट्टी हलकेच चिकटवली. जोरात रेटा दिला की तेवढं टराटरा फाटणार आणि माणूस मोकळा होणार. हे आधी सांगावं तर हा अडून बसेल. काठावर ऐन वेळी सांगू, तेव्हा हट्टाला वेळच उरणार नाही, असा तिचा हिशेब.

रविवारी वारा वाढला होता. पाणी शिशासारखं काळवंडलं होतं. ती धापा टाकत पोचली, तोवर तो आत बसून, दोरी आवळून, काठापासून चार हात पुढे गेलेला.

"अरे, ऐक! समोरची शिवण मुद्दाम कच्ची ठेवलीय! उलटलास तर गुडघ्यानं रेट, फाटेल!"

त्यानं वल्हं थांबवलं. त्याच्या चेहऱ्यावर समजूतदार, लाडिक हसू आलं.

"मुद्दाम म्हणे! दिसली मला ती काल. होतं गं, वय झालं आता. मी बसून नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी शिवून घेतलीय. कुणाला बोलणार नाही, काळजी करू नकोस."

"परत ये! दादा, परत ये रे!" धाकट्याला ती लाडानं दादा म्हणायची, पण गेल्या कित्येक वर्षांत म्हटलं नव्हतं. वाऱ्यात त्याला ते ऐकू गेलं नाही. दूर गेल्यावर त्यानं एकदा हात हलवला.

ती चपलांसकट गुडघाभर पाण्यात उतरली. तो दाभण धरायला तिच्याकडेच शिकला होता. त्याचे टाके उसवणारे नव्हते.