बाईंचा स

कवळीवाल्यांना कामाच्या खोलीत गाणं चालत नसे. गाण्याशी त्यांचं वैर नव्हतं, पण गाणं लागलं की हात ठेका धरायचा, आणि मेणात दात बसवताना हाताने ठेका धरला तर ते दात पुढे कोणाच्या तोंडात जाऊन नाचतील याचा नेम नाही. म्हणून रेडिओवर दिवसभर नुसतं बोलणं चालायचं. बातम्या, मुलाखती, चर्चा, जे मिळेल ते. ते स्वतः मात्र अबोल. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, हे त्यावरून कवळ्या घडवायचे, आणि घरी जाऊन 'हं' आणि 'वाढ' या दोन शब्दांवर अख्खी संध्याकाळ काढायचे. बायको म्हणायची, "जगाची तोंडं दुरुस्त करता, स्वतःचंही एकदा उघडून बघा."

वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांची चंगळ असे. त्या दिवशी रेडिओ केंद्रावर गाणं औषधालाही नसायचं. सकाळपासून सरत्या वर्षाचे आढावे. यंदा हवामान खात्याचे साहेब चुकलेल्या अंदाजांची कारणं सांगत होते, आणि तीही अंदाजांपेक्षा जास्त खात्रीने.

"तुमच्या भरवशावर भर उन्हात छत्री घेऊन फिरलोय, साहेब," कवळीवाले कानस चालवत म्हणाले.

मग दोन विद्वान आले. 'आपलं म्हणणं अगदी योग्य आहे, पण' असं एकमेकांना सांगत तासभर भांडले. कवळीवाल्यांनी दोघांनाही झापलं. रेडिओपुढे त्यांची जीभ सैल सुटायची. तो उलट उत्तर देत नाही, हा त्याचा मोठा गुण.

दुपारी बाई आल्या. बाई म्हणजे केंद्रावरच्या सगळ्यात जुन्या निवेदिका. कवळीवाले हे काम शिकत होते तेव्हापासून हा आवाज त्यांच्या कानात होता. बाईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण उच्चारांवरून त्यांचे दात मात्र मनातल्या मनात कधीच पाहून ठेवले होते. सरळ, एकमेकांना धरून बसलेले, समजूतदार दात.

"श्रोते हो, सरत्या वर्षाला काय सांगाल? आम्हाला फोन करा," बाई म्हणाल्या, आणि कवळीवाल्यांचा हात जागच्या जागी थांबला.

'सरत्या'मधल्या स ला शिट्टी होती.

त्यांनी आवाज मोठा केला. बाई हसल्या, शिट्टी. बाईंनी संकल्पाबद्दल विचारलं, शिट्टी. निदान पक्कं झालं. वरची कवळी, नवी, घाईत केलेली. बाईंचे दात गेले याचं वाईट वाटलंच, पण त्याहून झोंबलं ते वेगळंच. बाई दुसऱ्याकडे गेल्या! आता बाईंना यांचा पत्ता तर सोडाच, हे जगात आहेत हेही ठाऊक नव्हतं. पण रुसायला एवढी माहिती कशाला लागते?

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी केंद्राला फोन लावला. आणि लागलाही.

"नमस्कार, काय करता आपण?"

"कवळ्या करतो."

"अरे वा! मग सरत्या वर्षाला काय सांगाल? आणि तुमचा रेडिओ जरा बारीक करा, आवाज घुमतोय."

"वर्षाला काही नाही. आणि रेडिओ बारीक केला तर तुमचा स कसा ऐकू?"

"माझा काय?"

"स. राग मानू नका, बाई. तुमची वरची कवळी ढिली आहे. कोणी केली ते विचारत नाही. जरा एकसष्टपासून मोजून दाखवता?"

नवी कवळी बसवली की माणसाला साठीतले आकडे मोजायला लावतात. त्यांत स आणि ष ठासून भरलेले. काम कच्चं असेल तर बासष्टला शिट्टी येते, पासष्टला थुंकी, आणि अडुसष्टला कवळीच बाहेर डोकावते.

दुसरं कोणी असतं तर 'संपर्क तुटलेला दिसतो' म्हणून मोकळं झालं असतं. बाईंनी मोजायला सुरुवात केली.

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट..."

"ऐकलंत?" कवळीवाले विजयाने म्हणाले.

"ऐकलं. थांबा हं." बशीत काहीतरी टणकन पडलं. कवळीवाल्यांनी डोळेच मिटले. सगळ्या जगासमोर बाईंनी कवळी काढली!

"पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट," बाई म्हणाल्या. स्वच्छ, खणखणीत. "खोकल्याची गोळी होती हो. सकाळपासून चघळतेय. दात सगळे माझेच आहेत, अक्कलदाढेसकट. अक्कल तेवढी यायची राहिलीय."

कवळीवाल्यांना वाटलं, खोलीतलं सगळं प्लास्टर आपल्यावर ओतून घ्यावं आणि साच्यात गडप व्हावं. फोन ठेवायचंही सुचेना.

बाई मनसोक्त हसल्या. मग म्हणाल्या, "पण इतकं कान देऊन कोणी ऐकतं, हे आज कळलं. आम्ही इथे आपले भिंतीशी बोलत बसतो."

"मी उत्तरं देतो ना," त्यांच्या तोंडून निसटलं. "रोज."

"काय सांगता! आज सकाळपासून काय काय म्हणालात?"

आणि कवळीवाले बोलले. छत्रीचं सांगितलं, विद्वानांचं सांगितलं, कोणाचं कुठे चुकतं तेही सांगितलं. पुढच्या कार्यक्रमाची वेळ झाली तेव्हा त्यांना आवरणं बाईंना जड गेलं.

फोन ठेवून ते घाम पुसतात तोच बायको दारात. शेजारणीने हाक मारून तिला रेडिओपुढे बसवलं होतं. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"इतक्या वर्षांच्या संसारात माझा स कसा आहे ते कधी विचारलंत?"

कवळीवाल्यांनी विचार केला. "तुझा स रागात चांगला लागतो."

"साखर संपलीय, हे सकाळी सात वेळा सांगितलं!"

"बघ, किती सुरेख!" ते म्हणाले. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो फसला. मग तिने एक स्टूल ओढलं आणि संध्याकाळची श्रुतिका तिथेच ऐकली. खलनायकाला दोघांनी मिळून शिव्या घातल्या. पुढे ती दुपारचा डबा घेऊन रोजच येऊ लागली.

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात, ती यायच्या आधी, नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला एक माणूस खोलीत आला. "नमस्कार" एवढंच म्हणाला, आणि कवळीवाले उठून उभे राहिले. भारदस्त आवाजात दुपारच्या बातम्या वाचणारे ते हेच.

"तुम्ही त्या दिवशी चुकलात, पण थोडक्यात," ते गृहस्थ दार लावून घेत पुटपुटले. "केंद्रात कवळी आहे. बाईंची नाही, माझी आहे. आणि फार हलते. कोणाला कळता कामा नये."

कवळीवाल्यांनी त्यांची नवी कवळी जीव ओतून केली. बाईंचा स रेडिओवर जगजाहीर करणारे कवळीवाले या बाबतीत मात्र मूग गिळून बसले. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

"बातम्यांत हसण्यासारखं काय आहे?" डबा उघडताना तिने एकदा विचारलं.

"काही नाही," कवळीवाले म्हणाले. "वाचतात छान."

"कोण, ते? पूर्वी बरे वाचायचे," ती म्हणाली, आणि त्यांचा घास हातातच राहिला.