वायपरच्या मोटरीतली डावी गाठ

निवृत्तीनंतर ह्यांनी एक जुनी गाडी घेतली, जवळजवळ माझ्याच वयाची. नाशिक रोडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती उभी, आणि हे बहुतेक वेळ तिच्याखाली आडवे. बाकी सगळं जमलं, वायपर तेवढा हलेना. मोटर जळली होती आणि तसली मोटर आता दुकानात मिळत नाही. शेवटी मनमाडच्या एका भंगारवाल्याकडून ह्यांनी दोन जुन्या मोटरी आणल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या.

"तू सांग, यातली आपली कुठली."

मलाच विचारणं साहजिक होतं. अंबडच्या कारखान्यात मी सारा जन्म मोटरींचं वाइंडिंग केलं, म्हणजे त्यांच्या पोटातली तांब्याची तार भरायचं काम.

दुपारी जेवणं आटोपल्यावर टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. दोन्ही मोटरी दिसायला सारख्या, शिक्के पार झिजलेले. जळकी मोटर शेजारी ठेवल्यावर मात्र फरक कळायला लागला. एकीचा दांडा जाड होता आणि बसवायची भोकं जुळत नव्हती. शिवाय तिला बॅटरी लावून बटण बंद केलं की ती जिथल्या तिथे थांबायची, म्हणजे वायपर काचेच्या मधोमध अडकणार. दुसरी बटण बंद केल्यावरही थोडी फिरायची आणि आपल्या ठरलेल्या जागी येऊनच थांबायची. त्यासाठी लागणारी जास्तीची तार आमच्या जळक्या मोटरीलाही होती.

"ही आपली," मी म्हणाले, आणि आतून कशी आहे बघावं म्हणून झाकण काढलं.

वाइंडिंग नवं होतं. व्हार्निशचा वास अजून जिवंत होता. तारांची टोकं दोऱ्यानं आवळून बांधलेली. ती गाठ दिसली आणि माझे हात तिथेच थांबले.

गाठ उलटी होती, डावखुऱ्या हाताची. दोरा दोनदा खालून ओढून घेतलेला, टोक दातानं तोडलेलं आणि पिंजारलेलं. आमच्या लाइनवर अशी गाठ एकच बाई बांधायची. ती माझ्या शेजारी बसायची. "बाई, कात्री काय शोभेला दिलीय?" म्हणून सुपरवायझर ओरडायचा. ती हसायची आणि पुन्हा दोऱ्याला दात लावायची. कॅन्सरनं ती कोरोनाच्या आधीच गेली. तिला पोहोचवायला मी अमरधामपर्यंत गेले होते.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"ही गाठ तिची आहे."

कुणाची ते ह्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी मोटर उचलली, ताज्या व्हार्निशचा वास घेतला आणि हळूच खाली ठेवली. 'तुला भास होतोय' असं काहीतरी ते म्हणतील, याची मी वाट बघत राहिले. त्यांनी नुसतं झाकण परत बसवलं. मी चहा ठेवायला उठले खरी, पण त्या टेबलाकडे पाठ करवेना.

दोनेक दिवसांनी आम्ही मोटर पिशवीत घालून मनमाडला गेलो. भंगारवाल्यानं ती उलटसुलट केली.

"ही म्या नाय भरली. स्टेशनामागं एक जण हाय, त्याच्याकडनं घेतली."

ती खोली सापडली. दार उघडं होतं. आत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. डावा खांदा खाली, मान थोडी तिरकी, आणि दोरा तोंडाकडे नेताना कोपर अगदी तसंच वर. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. ह्यांचा हात कधी धरला ते कळलंच नाही.

ती व्यक्ती वळली. माझ्या गेलेल्या मैत्रिणीचा नवरा होता तो. अमरधामनंतर आमची भेट नव्हती.

"ताई, तुम्ही?"

"भाऊजी, हे काम तुम्ही कधी शिकलात?"

"ती घरी काम आणायची ना. शेवटी शेवटी तिचा हात उठेना. मग मी बांधायचो, ती शेजारी बसून सांगायची."

"पण तुम्ही तर उजवे."

"उजवाच आहे. जेवतो उजव्यानं, लिहितो उजव्यानं. दोरा घेतला की मात्र डावा पुढे येतो." त्यांनी तो हात उलटा करून पाहिला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "थांबवून बघितला. थांबत नाही."

मग आमच्यासमोरच त्यांनी हातातलं काम पुरं केलं. गाठ आवळली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे मान वळवली. बरोबर झालं का, असं विचारल्यासारखी. क्षणभर थांबले. मगच दातानं दोरा तोडला.

"उभ्या का, ताई? बसा ना," ते त्याच खुर्चीकडे हात करून म्हणाले.

मी उभीच राहिले. चहाही उभ्यानंच घेतला.

ती मोटर ह्यांनी गाडीला बसवली. उत्तम चालते. पावसात कुठे जायचं झालं तर ह्यांच्या शेजारची सीट रिकामी ठेवून मी मागच्या सीटवर बसते. का, ते ह्यांनी अजून विचारलेलं नाही.